पहिली मोठी टेक कॉन्फरन्स: काय गाठायचं, काय बिनधास्त सोडायचं

तिकीट हातात आलं की पहिल्यांदा जाणारा जवळपास प्रत्येक जण एकच काम करतो, शेड्यूल उघडतो आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत एकही रकाना रिकामा राहणार नाही असे टॉकवर टॉक भरत सुटतो. हे करू नका. म्हणजे शेड्यूल बघा, जरूर बघा, पण आधी एवढं तपासा की यातलं काय नंतर घरी बसून बघता येणार आहे आणि काय नाही. बहुतेक मोठ्या कॉन्फरन्सचे टॉक काही दिवसांत नाहीतर काही आठवड्यांत यूट्यूबवर येतात, फुकट, आणि तिथे दीडपट स्पीडने बघता येतात. वर्कशॉप येत नाही, फळ्यासमोर उभं राहून झालेली चर्चा येत नाही, आणि टॉक संपल्यावर स्टेजच्या बाजूला स्पीकरने चार जणांना जे खरं खरं सांगितलं ते तर अजिबातच येत नाही. ही एक चाळणी लावली की निम्मे निर्णय आपोआप होतात. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं हीच चाळणी वेगवेगळ्या ठिकाणी लावणं आहे.

आता सगळ्या कॉन्फरन्स सारख्या नसतात आणि आपण कुठल्या प्रकारच्या कॉन्फरन्सला चाललोय हे कळलं नाही तर तयारी भलत्याच गोष्टीची होते. लास वेगासला दर जानेवारीत होणारं घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचं सीईएस (१९६७ पासून चालू आहे, सुरुवात न्यूयॉर्कला झाली) किंवा मोबाइल इंडस्ट्रीची बार्सिलोनाची एमडब्ल्यूसी हे मुळात ट्रेड शो आहेत, लाखाच्या आसपास नाहीतर त्याहून जास्त माणसं, हॉलच्या हॉल भरून बूथ, आणि तिथे टॉक दुय्यम असतात, खरं काम बूथवर आणि आधी ठरवून ठेवलेल्या मीटिंगमध्ये होतं. सीईएस तर सर्वसामान्य लोकांसाठी खुलंही नाही, तुम्ही त्या इंडस्ट्रीत आहात हे दाखवावं लागतं. दुसरा प्रकार एकाच कंपनीच्या कॉन्फरन्सचा, एडब्ल्यूएसची (म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडची) रीइन्व्हेंट, गूगल आयओ, ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी. तिथे मांडव त्यांचा, स्पीकर बहुतेक त्यांचे, त्यामुळे त्यांच्या प्रॉडक्टची निंदा ऐकायला मिळणार नाही, पण ते प्रॉडक्ट बनवणारा इंजिनिअर समोर सापडतो आणि हे दुसरीकडे होत नाही. तिसऱ्या म्हणजे कम्युनिटीच्या कॉन्फरन्स, पायथन भाषा वापरणाऱ्यांची पायकॉन, ओपन सोर्सवाल्यांची ब्रसेल्सची फॉसडेम वगैरे, फॉसडेमला तर तिकीटही नाही आणि रजिस्ट्रेशनही नाही, वीकेंडला विद्यापीठाच्या आवारात चालत जायचं आणि बसायचं. न्यूरिप्ससारख्या (ही एआयची) रिसर्चवाल्या कॉन्फरन्समध्ये भाषणांपेक्षा पोस्टर सेशन महत्त्वाचं, म्हणजे संशोधक आपलं काम पोस्टरवर लावून त्यापुढे उभे असतात. पहिल्यांदाच जाणार असाल आणि निवड तुमच्या हातात असेल तर मी कम्युनिटीवालीच घ्या म्हणेन, तिथे नवीन माणसाला कोणी विचारत नाही असं सहसा होत नाही.

तिकीट लवकर बघा. २०१८ ला न्यूरिप्सची मुख्य तिकिटं बारा मिनिटांच्या आत संपली होती, मग पुढच्या वर्षापासून त्यांनी लॉटरी आणली. कंपनीने पैसे भरावेत असं वाटत असेल तर बऱ्याच कॉन्फरन्सच्या साइटवर बॉसला पाठवायचं रेडीमेड पत्र असतं, ते जसंच्या तसं चिकटवू नका, बॉसनेही तेच पत्र आणखी दोघातिघांकडून वाचलेलं असतं. त्याऐवजी पाच ओळी लिहा: कुठली तीन सेशन आणि ती आपल्या चालू कामाशी कशी जोडलेली आहेत, तिथे कुठल्या टूलच्या माणसांना गाठून कुठला अडकलेला प्रश्न विचारणार, आणि परत आल्यावर टीमला काय देणार. स्टुडंट असाल किंवा पैसे खिशातून जाणार असतील तर ट्रॅव्हल ग्रँट आणि स्कॉलरशिप शोधा, पायकॉन यूएस आणि क्यूबकॉन (कुबरनेटिसवाल्यांची कॉन्फरन्स) दोघांकडे आहेत, फक्त त्यांची शेवटची तारीख कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी असते आणि लोक नेमकी तीच चुकवतात. व्हॉलंटिअर म्हणून गेलं तरी बऱ्याच ठिकाणी आत मोफत जाता येतं, आणि एक गंमत म्हणजे रजिस्ट्रेशन डेस्कवर बसलेल्या माणसाची जितक्या लोकांशी ओळख होते तितकी तिकीट काढून आलेल्याची होत नाही.

परदेशात जाणार असाल तर व्हिसासाठी इन्व्हिटेशन लेटर आयोजक देतात पण साधारणपणे रजिस्ट्रेशन झाल्यावरच, आणि अपॉइंटमेंट मिळायला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं, म्हणून पैसे भरायच्या आधी व्हिसा नाकारला गेला तर रिफंड मिळतो का ही ओळ शोधून वाचा. रजिस्टर केल्यावर काही दिवसांनी "कॉन्फरन्सचं अधिकृत हॉटेल स्वस्तात बुक करून देतो" अशी मेल किंवा फोन येण्याची शक्यता आहे, बहुतेक वेळा त्यांचा कॉन्फरन्सशी काडीचा संबंध नसतो. हॉटेल बुक करायचं ते आयोजकांच्या साइटवरच्या लिंकवरून नाहीतर स्वतः. आणि शक्यतो चालत जाता येईल इतकं जवळ घ्या, दुपारी अर्धा तास खोलीवर जाऊन पडता येणं ही चैन नाही, तिसऱ्या दिवशी ती गरज होते.

आता शेड्यूल. रीइन्व्हेंटसारख्या ठिकाणी सेशनच्या कोडमध्येच लेव्हल असते, १०० म्हणजे तोंडओळख, २०० मध्यम, ३०० ॲडव्हान्स्ड, ४०० म्हणजे अगदी तज्ज्ञांसाठी. नवीन माणूस घाबरून १०० आणि २०० चीच सेशन घेतो आणि मग तिथे बसून जे ऐकतो ते डॉक्युमेंटेशनच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. माझं म्हणणं उलटं आहे, ज्या विषयात तुम्ही रोज हात काळे करता त्यातलं ३०० किंवा ४०० घ्या, आणि जे अजिबात माहीत नाही त्याची तोंडओळख घरी व्हिडिओवर करून घ्या, तिथे थांबवून पुन्हा ऐकता तरी येतं. तिथलं ब्रेकआउट सेशन म्हणजे मोठ्या हॉलमधलं भाषण, ते रेकॉर्ड होऊन नंतर येतं. चॉक टॉक म्हणजे छोट्या खोलीत दोन जण व्हाइटबोर्डसमोर उभे आणि लोक मध्येच अडवून प्रश्न विचारतायत, हे रेकॉर्ड होत नाही, वर्कशॉपही नाही. सीट रिझर्व्ह करायची सोय सुरू झाली की सगळ्यात आधी चॉक टॉक आणि वर्कशॉप पकडा. आणि रिझर्व्ह केलं म्हणजे खुर्ची आपली असं समजून रमतगमत जाऊ नका, सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी पोचला नाहीत तर ती जागा बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना देऊन टाकतात. याचीच दुसरी बाजू अशी की रिझर्व्हेशन मिळालं नाही तरी वॉकअपच्या रांगेत लवकर उभं राहिलं तर बरेचदा आत घेतात, तेव्हा फुल दिसलं म्हणून नाद सोडू नका.

अंतराचा हिशोब कागदावर कळत नाही. रीइन्व्हेंट एका इमारतीत नसते, लास वेगासच्या मुख्य रस्त्यावरच्या बऱ्याच हॉटेलांमध्ये पसरलेली असते, आणि एका हॉटेलातून दुसऱ्यात जायला शटल, लिफ्ट, लांबलचक कॉरिडॉर धरून अर्धा तास सहज आणि गर्दी असली तर तासही जातो. एमडब्ल्यूसी भरते त्या बार्सिलोनाच्या फिरा ग्रान व्हियामध्ये आठ हॉल आहेत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे चांगली रपेट आहे. म्हणून दिवस विषयाप्रमाणे लावू नका, इमारतीप्रमाणे लावा, सकाळी एक इमारत आणि दुपारी फार तर दुसरी. फॉसडेमला वेगळी अडचण, तिथल्या खोल्या छोट्या आणि भरल्या की दारावर फुलची पाटी लागते, मग कोणालाही आत सोडत नाहीत, त्यामुळे तिथले जुने लोक आपल्या आवडीची एक खोली पकडतात आणि बराच वेळ तिथेच ठाण मांडून बसतात.

दिवसाला दोन नाहीतर तीन सेशन पक्की, बस्स. बाकीचा वेळ रिकामा ठेवा आणि तो रिकामा दिसतोय म्हणून अस्वस्थ होऊ नका.

वर्कशॉप घेतलं असेल तर त्याची सूचनांची मेल आदल्या रात्री नाही, घरून निघायच्या आधी वाचा. जे काही इन्स्टॉल करायचंय, जी रिपॉझिटरी क्लोन करायचीय, जी डॉकर इमेज ओढायचीय ती घरच्या नेटवर ओढून ठेवा. एका खोलीत शंभर माणसं एकाच वेळी दोन जीबीची तीच इमेज डाउनलोड करायला लागली की काय होतं ते सांगायला नको, प्रोग्रेस बार बावीस टक्क्यांवर थांबतो, शिकवणारा स्टेप तीनवर पोचतो आणि आपण शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत बसतो. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर ॲडमिनचे हक्क आहेत का, पोर्ट ब्लॉक केलेत का हेही आधीच बघा. शेड्यूल आणि नकाशाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण कॉन्फरन्सचं ॲप नेमकं गर्दीच्या वेळी उघडत नाही.

बॅगेचं थोडक्यात. बूट जुने, पायाला सरावलेले, नवे कोरे बूट घालून गेलात तर पहिल्या दुपारीच कळेल. हॉलमधला एसी हाडं गोठवणारा असतो म्हणून बाहेर कितीही ऊन असलं तरी एक स्वेटर किंवा जॅकेट. पाण्याची बाटली. पॉवर बँक विमानात केबिन बॅगेतच ठेवायची, चेक इन बॅगेत चालत नाही, आणि साधारण नियम १०० वॉट-अवरपर्यंतचा आहे, म्हणजे सत्तावीस हजार एमएएचच्या आसपास, त्याहून मोठी, १६० वॉट-अवरपर्यंतची असेल तर एअरलाइनची परवानगी लागते. व्हिजिटिंग कार्ड असतील तर न्या, नसतील तर मुद्दाम छापू नका, लिंक्डइनचा क्यूआर कोड फोनच्या होमस्क्रीनवर ठेवला की काम भागतं. जाताना बॅग निम्मी रिकामी ठेवा, टीशर्ट येतात, नको म्हटलं तरी येतात.

बॅज आदल्या दिवशी मिळत असेल तर आदल्या दिवशीच घ्या, पहिल्या सकाळची रांग ही सगळ्या मोठ्या कॉन्फरन्सच्या पाचवीला पुजलेली आहे. डेफकॉनला, म्हणजे १९९३ पासून लास वेगासमध्ये भरणारी हॅकर लोकांची कॉन्फरन्स, तिथे तर बॅजच्या रांगेलाच लाइनकॉन असं नाव पडलंय आणि लोक तिथेच ओळखी करून घेतात. बॅजचा फोटो काढून सोशल मीडियावर टाकायचा मोह होतो, टाकायचाच असेल तर त्यावरचा बारकोड किंवा क्यूआर झाका. आणि बाहेर रस्त्यावर पडलात की बॅज गळ्यातून काढून खिशात, आपण परगावचे आहोत आणि बॅगेत लॅपटॉप आहे हे सगळ्या जगाला सांगायची गरज नाही. काही ठिकाणी माझे फोटो काढू नका हे सांगण्यासाठी वेगळ्या रंगाची लेस किंवा स्टिकर देतात, हवं असेल तर डेस्कवर विचारा, आणि समोरच्याच्या गळ्यात ती दिसली तर कॅमेरा खाली.

कीनोटला, म्हणजे मोठ्या स्टेजवरच्या मुख्य भाषणाला, पहिल्यांदा एकदा आत बसून बघायला हरकत नाही, मोठा स्टेज, दिवे, संगीत, मजा येते. पण पुढच्या दिवसाच्या कीनोटसाठी पहाटे उठून रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही, तो लाइव्ह स्ट्रीम होतो, नाश्ता करता करता बघा.

आता मुख्य गोष्ट, माणसं. दोन टॉकच्या मधल्या कॉरिडॉरमधल्या गप्पांना हॉलवे ट्रॅक म्हणतात आणि पक्के कॉन्फरन्सवाले निम्मा वेळ त्यातच घालवतात. नवीन माणसाला मात्र नेमकं इथेच जड जातं, कारण सगळे एकमेकांना आधीपासून ओळखतात असं वाटत राहतं. तसं नसतं, त्यातले बरेच जण दहा मिनिटांपूर्वी भेटलेले असतात. घोळक्यात शिरायचं कसं यासाठी एक छान पद्धत आहे, रीड द डॉक्स या डॉक्युमेंटेशनच्या साइटवाल्या एरिक होल्शरने ती पॅक-मॅन रूल या नावाने लोकांपर्यंत पोचवली: गोल करून उभे असाल तर एका माणसाची जागा उघडी ठेवायची, जुन्या व्हिडिओ गेममधल्या पॅक-मॅनच्या तोंडासारखी, म्हणजे येणाऱ्याला आत येता येतं. तुम्ही नवीन असाल तर असं उघडं तोंड शोधा, जाऊन उभे राहा, लगेच बोललं नाही तरी चालतं, दोन मिनिटं ऐका.

मग कोणीतरी विचारणार, काय करता तुम्ही? याचं उत्तर घरून ठरवून जा. "सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे" म्हटलं की पुढचा "अच्छा" म्हणतो आणि दोघं फोनकडे बघायला लागतात. त्याऐवजी असं म्हणून बघा, "मी पेमेंटच्या टीममध्ये आहे, आमचा रात्रीचा बॅच जॉब मध्येच मरतो आणि पुन्हा चालवला की काही व्यवहारांची दोनदा नोंद होते, सध्या त्याच्याच मागे आहे." आता समोरच्याला पकडायला काहीतरी मिळालं. तो म्हणेल आमच्याकडे पण असंच व्हायचं, किंवा प्रत्येक व्यवहाराला स्वतःची ‘की’ (वेगळा ओळखक्रमांक) का नाही लावत, किंवा अमुक एकीला शोधा, तिने याच्यावर काम केलंय. म्हणजे काय तर तुमचं पद सांगू नका, अडकलेलं काम सांगा. अर्थात कंपनीची गुपितं सोडून, ग्राहकांची नावं आणि अजून बाहेर न आलेल्या प्रॉडक्टच्या गोष्टी कॉरिडॉरमध्ये बोलायच्या नाहीत, मागे कोण उभं आहे माहीत नसतं.

स्पीकरला भेटायचं तर टॉक संपल्यावर पुढे जा, सहसा स्टेजच्या बाजूला पाच-सात जण जमतात. हॉलमधल्या माइकवरच्या प्रश्नोत्तरांपेक्षा इथे जास्त मिळतं (माइकवर हमखास एक जण "प्रश्न नाहीये, एक कॉमेंट आहे" म्हणून चार मिनिटं खातो). एकच प्रश्न विचारा आणि तो टॉकमध्ये नसलेल्या गोष्टीबद्दल असू दे. "हे करायच्या आधी दुसरं काय करून बघितलं आणि ते का सोडलं?" हा प्रश्न जवळजवळ कुठल्याही टेक्निकल टॉकनंतर चालतो, कारण स्लाइडमध्ये जिंकलेली गोष्ट असते आणि हरलेल्या चार गोष्टी स्पीकरच्या डोक्यात असतात, त्या सांगायला त्याला आवडतंही. उत्तर मिळालं, आभार मानले, बाजूला झालात, मागच्याला जागा दिली. पोस्टर सेशनमध्ये तर आणखी सोपं, पोस्टरपुढे उभं राहून "दोन मिनिटांत सांगाल का?" म्हणायचं, ती व्यक्ती त्यासाठीच तिथे उभी आहे.

पायकॉनमध्ये लाइटनिंग टॉक असतात, पाच पाच मिनिटांची छोटी भाषणं, ती चुकवू नका, आणि ओपन स्पेस म्हणजे कोणीही बोर्डवर विषय लिहून खोली घेऊ शकतं, ते तर नक्की बघा. मुख्य दिवस संपल्यावर तिथे स्प्रिंट असतात, ओपन सोर्स प्रोजेक्टवर एकत्र बसून कोड करायचं, नवख्यांसाठी वेगळी ओळखही करून देतात. परतीचं तिकीट काढायच्या आधी हे बघा, एखादा दिवस जास्त राहिलात तर ज्या कोड लायब्ररीचा रोज वापर करता ती सांभाळणाऱ्या मेंटेनरच्या शेजारी बसायला मिळेल.

बूथवर जाताना एवढं लक्षात ठेवा की बॅज स्कॅन केला म्हणजे तुमचा मेल आणि कंपनीचं नाव त्यांच्या सेल्सच्या यादीत गेलं. फुकट मिळालेल्या मोज्यांच्या एका जोडीसाठी सहा महिने मेल येत राहतात, तुम्हाला परवडत असेल तर घ्या, नाहीतर रजिस्ट्रेशनलाच वेगळा मेल आयडी वापरा. काहीतरी खरंच विचारायचं असेल तर बूथवर सरळ विचारा, "इंजिनिअरिंगमधलं कोणी आहे का?" असतं बहुतेक, मागे उभं असतं, आणि कोणीतरी सेल्सचं नसलेलं विचारतंय म्हटल्यावर खुलून बोलतं. कडेला असलेल्या छोट्या बूथवर कधी कधी फाउंडरच उभा असतो, तिथे वेळ घालवा.

कॉन्फरन्सच्या वायफायवर जाताना फोन आणि लॅपटॉपचे अपडेट आधी करून घ्या, अनोळखी यूएसबी घेऊ नका आणि कुठेही लावू नका. डेफकॉनला वॉल ऑफ शीप नावाचा स्क्रीन असतो, नेटवर्कवर उघडे पासवर्ड पाठवणाऱ्यांची लॉगिन नावं त्यावर झळकतात, पासवर्डचा काही भाग झाकून. तेवढी कृपा करतात.

संध्याकाळच्या पार्ट्यांना जायलाच पाहिजे असं काही नाही. गेलात तर एक तास थांबून निघालं तरी कोणाला काही वाटत नाही, दारू नको असेल तर ग्लासात काय आहे ते कोणी तपासत नाही. कोणी त्रास दिला, नको ते बोललं, तर कोड ऑफ कंडक्टच्या पानावर नंबर किंवा मेल असतो, तो आधीच सेव्ह करून ठेवा, वेळेवर शोधत बसणं जमत नाही. डेफकॉनवाल्यांचा एक जुना नियम आहे ३-२-१, रोज निदान तीन तास झोप, दोन वेळा जेवण, एक आंघोळ. तीन तास फारच कमी आहेत पण बाकीचे दोन आकडे मात्र सगळ्या कॉन्फरन्सना लागू करायला पाहिजेत, रांगेत उभं राहिल्यावर पटतं. शिवाय परतल्यावर सर्दी-ताप येणं इतकं नेहमीचं आहे की परतीच्या दुसऱ्याच दिवशी मोठं काम ठेवू नका, आणि गर्दीत मास्क लावावासा वाटला तर लावा.

रोज रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं काढून भेटलेल्या माणसांबद्दल एकेक ओळ लिहा, नाव, कुठे भेटलो, काय बोललो, मी काय पाठवतो म्हटलं. चार दिवसांनी लिंक्डइनवर चाळीस चेहरे असतात आणि एकाचंही काही आठवत नाही. मेसेज तीन-चार दिवसांत पाठवा आणि त्यात बोललेली गोष्ट घाला, "तुम्ही रिट्रायच्या वेळी व्यवहाराची ‘की’ वापरा म्हणालात, तो लेख पाठवाल का" असा मेसेज आला की उत्तर येतं, नुसतं "भेटून छान वाटलं" ला अंगठा येतो.

टीमसाठी रिपोर्ट लिहायचा तर सेशनचे सारांश लिहू नका, ते कोणी वाचत नाही. आपण काय बदलावं, काय करून बघावं, आणि काय अजिबात करू नये असं लोकांनी सांगितलं, एवढंच दीड पानात. ज्यांना हवं त्यांच्यासाठी खाली व्हिडिओच्या लिंका. आणि हॉटेलचं बिल चेकआउट करतानाच कंपनीच्या नावाने मेलवर मागून घ्या, टॅक्सीच्या पावत्यांचे फोटो त्या त्या दिवशीच काढा, अकाउंट्सवाले महिन्याभराने विचारतात आणि तोपर्यंत त्या पावतीवरची शाई उडून कोरा कागद उरलेला असतो.